हा आकडा कुठल्या खोलीत मोजला?

‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ ग्राफिक्स कार्डाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि म्हणणारा लगेच मोबाईल पुढे करतो. मोबाईलवर आडव्या पट्ट्या असतात. सगळ्यात लांब पट्टी सगळ्यात महाग कार्डाची, तिच्या टोकाला सेकंदाला किती फ्रेम याचा आकडा. झालं मूल्यमापन. आता पैसे कुठून उभे करायचे तेवढंच बघायचं.

हातखंब्याला तिठ्याजवळ माझं कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. पाली, नाणीज, निवळी, खेडशी इथली मुलं कार्ड घ्यायचं मनात आलं की रत्नागिरीला जाण्याआधी माझ्याकडे डोकावतात. येताना हा पट्ट्यांचा तक्ता घेऊन येतात. त्या तक्त्यावर जो आंधळा विश्वास बसला आहे त्याच्या विरोधात मी हे लिहितो आहे. तक्त्यातला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. पण तो कुठल्या तरी एका खोलीत, एका पडद्यावर, एका विजेवर मोजलेला असतो, आणि ती खोली आपली नसते. वरच्या फळीतल्या कार्डाला दोन लाखांच्या वर पडतात. एवढे पैसे घालवणाऱ्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही, याची मला चीड आहे.

जानेवारी २०२५ ची गोष्ट घ्या. लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५०७० हे कार्ड दाखवलं आणि ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं जाहीर केलं. ४०९० हे ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आलेलं कार्ड. त्यात १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ जीबी. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी माणसाने थबकायला हवं होतं. पण दोनच दिवसांत माझ्या दुकानात मुलं येऊन विचारू लागली, ‘दादा, ५०७० कधी येणार? ४०९० एवढं आहे म्हणे.’ मार्चमध्ये ते कार्ड बाजारात आलं, स्वतंत्र चाचण्या झाल्या, आणि सॉफ्टवेअरने बनवलेल्या फ्रेम बाजूला काढल्यावर ते मागच्या पिढीतल्या ४०७० सुपरच्या आसपास निघालं.

मग तो दावा उभा कशावर होता? फ्रेम कशाला म्हणायचं यावर. तुम्ही माऊस हलवता, गेम ती हालचाल वाचतो, प्रोसेसर गेममधल्या जगात काय बदललं ते ठरवतो आणि कार्ड त्याचं चित्र काढतं. त्या चित्रात तुमच्या हाताने केलेलं काहीतरी असतं. फ्रेम जनरेशनमध्ये कार्ड अशी दोन खरी चित्रं समोर ठेवतं आणि त्यांच्या मधलं चित्र अंदाजाने भरतं. पन्नासच्या मालिकेत, म्हणजे ५०७० च्या पिढीत, एका खऱ्या चित्रामागे अशी तीन चित्रं भरता येतात. म्हणजे कोपऱ्यात २४० दिसत असेल तर त्यातल्या ६० फ्रेमनाच तुमचा हात ठाऊक असतो. शिवाय पुढचं खरं चित्र तयार झाल्याखेरीज मधलं बनवता येत नाही, म्हणून तयार चित्र थोडं अडवून धरावं लागतं. त्यामुळे हाताला प्रतिसाद उशिराने मिळतो. एनव्हिडियाच्या रिफ्लेक्ससारख्या सोयीने हा उशीर बराच आटोक्यात येतो हे मी मान्य करतो. पण खऱ्या फ्रेमच सेकंदाला तीस असतील तर दोन फ्रेमच्या मधला तेहतीस मिलिसेकंदांचा काळ कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: डोळ्याला गुळगुळीत दिसतं ना, मग फ्रेम कार्डाने काढली काय आणि भरली काय, काय बिघडलं?

गणपतीत आमच्या वाडीत जाखडी होते. पायात चाळ बांधून पोरं मृदंगाच्या ठेक्यावर गोल धरतात. एका गाण्यात पावलं किती पडली हे बघणाऱ्यांपैकी कोणी मोजत नाही. पण पाऊल ठेक्याच्या जरा मागे पडलं तर ओटीवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं, आणि नाचणाऱ्याला तर तिच्याही आधी. खेळाचं तसंच आहे. बघणारा डोळ्याने बघतो, पण खेळणारा हाताने बघतो. यूट्यूबवर चित्रफीत बघणाऱ्याला १८० फ्रेम सुरेख दिसतील. ज्याच्या हातात माऊस आहे त्याला आपलं पाऊल मागे पडतंय हे दुसऱ्या मिनिटाला जाणवतं. आणि कार्ड विकत घेणारा खेळणारा असतो.

२०२५ च्या गणपतीत हे माझ्याच घरात घडलं. भावाचा मुलगा पुण्याहून आला. दहा दिवस घरून काम करायचं म्हणून आख्खा टॉवर गाडीत घालून आणला होता. आत नवं कोरं, वरच्या फळीतलं कार्ड. मॉनिटर पुण्यालाच राहिला होता, म्हणून त्याने तो माजघरातल्या टीव्हीला जोडला. आरती आटोपल्यावर वाडीतली आठ-दहा पोरं भोवती बसली आणि त्याने गेम लावला. सगळी सेटिंग शेवटच्या टोकाला, फ्रेम जनरेशन चौपट. कोपऱ्यात आकडा १८० च्या आसपास नाचत होता आणि पोरं आकड्याकडेच बघत होती. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, ‘काका, हात जड लागतोय. पुण्याला एवढं जाणवत नव्हतं.’

टीव्ही ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकणारा पडदा, त्याच्यापुढे १८० ओतलेली. त्यातली खरी पंचेचाळीसच्या घरात. वर टीव्ही आपल्या परीने चित्र सुधारत बसलेला, त्याचा वेगळा उशीर. मी टीव्हीचा गेम मोड चालू केला, फ्रेम जनरेशन बंद केलं, अपस्केलिंग क्वालिटीवर ठेवलं, पाथ ट्रेसिंग हा प्रकाशाचा सगळ्यात जड हिशोब काढून साधं रे ट्रेसिंग ठेवलं आणि साठचा बांध घातला. आकडा १८० वरून ६० वर आला. पोरांचे चेहरे पडले. त्याने माऊस हातात घेतला, एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘आता हातात आला.’ कार्डाच्या पंख्यांचा आवाज बसला होता आणि प्लगला लावलेल्या मीटरवरचे वॅट निम्म्याच्या आसपास उतरले होते. कार्ड तेच, गेम तोच. तक्त्यातली पट्टी मात्र एक तृतीयांशावर आली असती, आणि त्या पट्टीकडे बघून कोणीही म्हणालं असतं की हे कार्ड वाईट आहे.

फ्रेम जनरेशनवर माझा राग नाही. खऱ्या फ्रेम साठ-सत्तरच्या वर असतील, पडदा १४४ किंवा २४० हर्ट्झचा असेल आणि गेम सावकाश फिरत बघायचा असेल, तर मी स्वतः ते लावतो. माझं भांडण मोजणीशी आहे. काढलेली आणि भरलेली फ्रेम एकाच पट्टीत बेरजेला धरणं ही चुकीची मोजणी आहे, आणि ती करणाऱ्याने ती तशी आहे हे पट्टीवरच लिहायला हवं. मे २०२५ मध्ये ५०६० आलं तेव्हा बहुतेक परीक्षकांना आधी ड्रायव्हरच मिळाला नाही. निवडक ठिकाणी जी पूर्वपरीक्षणं छापून आली, ती ठरवून दिलेल्या गेमवर, ठरवून दिलेल्या सेटिंगवर, फ्रेम जनरेशनसह होती. गेमर्स नेक्सस आणि हार्डवेअर अनबॉक्स्ड या परीक्षकांनी यावर उघड आक्षेप घेतला आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. माल विकणाऱ्यानेच तराजू आणि वजनं पाठवायची असतील, तर तोलणारा कितीही प्रामाणिक असला तरी माप विकणाऱ्याचंच होतं.

आता सरासरीकडे येतो, कारण भरलेल्या फ्रेम काढून टाकल्या तरी तक्ता शुद्ध होत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तीनशे पासष्टने भागा, दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर येईल. गणित बिनचूक आहे. पण या आकड्यावर घराचं छप्पर घालणारा गवंडी हातखंब्यात मिळणार नाही. पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि त्यातल्या एखाद्या जुलैच्या रात्री जो कोसळतो त्यासाठी कौलं, पन्हळ आणि गटार करायचं असतं. सरासरी ९० फ्रेम देणारं कार्ड दर दोन मिनिटांनी तीसवर आपटत असेल तर खेळणाऱ्याच्या लक्षात ती तीसच राहते. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून हे सगळ्या धंद्याला माहीत आहे. १६.७ मिलिसेकंद म्हणजे साठचा ठेका. तो ठेका किती वेळा चुकला, किती चुकला, हे मोजायला कॅपफ्रेमएक्ससारखी साधनं फुकट मिळतात. चांगले परीक्षक खालच्या एका टक्क्याचा, म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमचा, आकडा देतातही. पण दुकानात येणारं मूल ती छोटी पट्टी वाचत नाही, कारण तिच्याविषयी कोणी बोलतच नाही.

माझ्याशी वाद घालणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र भक्कम आहे आणि त्याला बगल देणं बरं नव्हे. ते म्हणतात, परीक्षकाने सगळी कार्डं एकाच खोलीत, एकाच तापमानाला, एकाच सगळ्यात जलद प्रोसेसरवर मोजली नाहीत तर तुलना करायची कशी? प्रत्येक जण आपापल्या माजघरात मोजू लागला तर कोणाच्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. हे शंभर टक्के खरं आहे. तुलनेसाठी तशीच खोली हवी. पण तुलना आणि मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ त्या एक मानण्यातून होतो. दोन हापूसमधला गोड कुठला हे ताटात ठेवून ठरवता येतं. कलम माझ्या कातळावर जगेल का हे त्या ताटात कळत नाही. कार्ड अ हे कार्ड ब पेक्षा तीस टक्के जलद, एवढं तक्ता सांगतो. ते तीस टक्के माझ्या घरी पोचतील का, हे सांगायला त्याने कधी सुरुवातच केलेली नसते.

पोचत नाहीत ते कुठे अडतात, हे मी रोज बघतो.

पहिली अडवणूक पडद्यापाशी. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत आजही निम्म्याहून जास्त लोक १०८०पीच्या पडद्यावर खेळतात. माझ्याकडच्या मुलांचं प्रमाण त्याहून जास्तच असेल. अशा पडद्यावर पन्नासच्या मालिकेतलं सगळ्यात वरचं ५०९० लावलं तर बहुतेक गेममध्ये कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसतं. फोर-केमध्ये ते ४०९० पेक्षा पाव ते एक तृतीयांश पुढे जातं, तो फरक इथे जवळजवळ विरून जातो. तक्त्यातली फोर-केची ओळ वाचायची आणि १०८०पीच्या पडद्यावर खेळायचं, असं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

दुसरी खोलीची. परीक्षकाच्या खोलीत वातानुकूलन असतं, तिथे वीस-बावीस अंश तापमान धरलेलं असतं आणि कार्ड उघड्या टेबलावर असतं. आमच्याकडे मे महिन्यात स्लॅबच्या घरात दुपारी आत तेहतीस-चौतीस अंश असतात. कार्डाचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खोली बारा अंशांनी वर असेल तर चिप साधारण तेवढीच वर सरकते. नाहीतर पंखे बोंबलतात, नाहीतर कार्ड स्वतःच वेग उतरवतं. ५०९० ची कमाल ओढ ५७५ वॅट. प्रोसेसर आणि बाकीचं धरून साडेसातशेच्या घरात जातं. म्हणजे एक साधी इस्त्री चार तास सलग चालू ठेवून दार बंद करून बसण्यासारखं आहे. ही उष्णता जाणार कुठे? ज्या मुलासाठी कार्ड घेतलं त्याच्या अंगावर.

तिसरी विजेची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण परीक्षणांत ती अर्ध्या ओळीत संपते. दिवसाला चार तास खेळलं तर महिन्याला पंचाऐंशी-नव्वद युनिटं होतात. वाडीतल्या पुष्कळ घरांचं सगळं बिलच शंभर युनिटांच्या आतलं असतं. महावितरणचा घरगुती दर शंभरानंतर चढतो, म्हणजे वाढीव युनिटं वरच्या दराने पडतात. पण पैसे ही त्यातली सोपी बाजू. जूनपासून फांदी तारेवर पडली की वीज जाते, आली की दोनदा फडफडून येते. घराघरात जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो साडेतीनशे-चारशे वॅटच्या पलीकडे ओढू शकत नाही. या कार्डाखाली तो वीज गेल्याक्षणी शिटी मारून बसतो आणि मशीन धाडकन बंद पडतं. ९०० व्हीएचा इन्व्हर्टरही भर खेळात दम टाकतो. मोठा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यायचा तर आणखी पैसे. हजार वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यायचा तर आणखी. एनव्हिडियाने भारतात ५०९० ची सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये जाहीर केली होती. हातखंब्यात ते कार्ड नीट चालवायचं तर ही किंमत फक्त पहिला हप्ता आहे, आणि एकाही पट्टीशेजारी हे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

याच्याच जोडीला, पट्टीत न दिसणारी एक चांगली गोष्टही सांगतो. पॉवर लिमिट शंभरवरून पंचाहत्तर टक्क्यांवर आणली तर फ्रेम चौथ्या हिश्शाने घटत नाहीत, त्याच्या कितीतरी कमी घटतात. ५०९० वर हा खटका फिरवला की सव्वाशे-दीडशे वॅटची उष्णता खोलीतून जाते आणि खेळणाऱ्याला फरक ओळखूही येत नाही. शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी कारखान्यातून ही कार्डं अशी ताणून पाठवतात, कारण शर्यत पट्टीच्या लांबीची आहे. परीक्षक पट्टीच मोजत राहिले तर कंपन्या पट्टीसाठीच कार्डं बनवत राहणार.

त्या ताणाचा परिणाम बघायचा तर कार्डाची वीज जिथे शिरते ते टोक बघा. जुन्या आठ पिनांच्या जोडणीत १५० वॅट तीन तारांतून जायचे. एकेका तारेवर चार अँपिअरच्या जरा वर, आणि पिनेची ताकद त्याच्या जवळजवळ दुप्पट. नव्या बारीक जोडणीत ६०० वॅट सहा तारांतून जातात. दर तारेला आठ अँपिअरच्या वर येतात आणि पिनेची मर्यादा साडेनऊ. म्हणजे सुटायला जागाच ठेवलेली नाही. २०२२ मध्ये ४०९० ची टोकं वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा जोडणी पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या रोमन हार्टुंग यांनी, ज्यांना सगळे डेर बाउअर म्हणून ओळखतात, ५०९० वर मोजलं तर एका तारेतून वीस अँपिअरच्या वर प्रवाह जात होता आणि बाकीच्या तारांतून त्याहून बराच कमी. हे मोजणं मला शंभर तक्त्यांपेक्षा मोलाचं वाटतं. एका माणसाने क्लॅम्प मीटर घेतला, तारा एकेक करून पकडल्या आणि जे दिसलं ते दाखवलं.

चौथी अडवणूक रस्त्याची. हसू नका, मी गंभीरपणे लिहितो आहे. वरच्या फळीतली कार्डं आज दोन किलोच्या आसपास भरतात, काही त्याच्याही वर. हा भार मदरबोर्डाच्या एका प्लास्टिकच्या स्लॉटवर आणि मागच्या दोन स्क्रूंवर आडवा लटकतो. भावाचा मुलगा आंबा घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली करत घरी पोचला. बटण दाबलं तर पंखे फिरले आणि डिस्प्ले येईना. त्याचं तोंड पांढरं पडलं. बाजूची काच काढली तेव्हा दिसलं की कार्डाचं पुढचं टोक बोटभर खाली झुकलंय, स्लॉटची कडी सुटलीय आणि विजेची जोडणी नखाएवढी बाहेर आली आहे. एनव्हिडियाच्या म्हणण्याप्रमाणे अशाच फटीने आधीची टोकं वितळली होती. कार्ड काढलं, सोनेरी पट्टी कोऱ्या खोडरबराने हलकी पुसली, परत बसवलं, कट्ट आवाज येईपर्यंत जोडणी दाबली आणि खाली सागाच्या फळीचा तुकडा टेकू म्हणून दिला. डिस्प्ले आला. त्याचं नशीब थोर. मी याच टेबलावर अशी कार्डं पाहिली आहेत ज्यांच्या स्लॉटजवळच्या कोपऱ्यात बोर्डालाच केसाएवढी चीर गेलेली होती, आणि तिथे दुरुस्ती बहुतेक वेळा संपते.

आमच्या तिठ्यावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून या रस्त्याने किती कॉम्प्युटर खिळखिळे होऊन आले याची नोंद कोणाकडे नसेल, पण माझ्याकडे येणाऱ्या ‘आपोआप बंद पडलं’ या तक्रारींत प्रवासातून आलेली मशीनं बरीच असतात. आणि कार्ड गेलंच तर वॉरंटीसाठी मुंबई किंवा पुणं. मुंबई इथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ते दोन किलोचं कार्ड परत याच रस्त्याने कुरिअरने जायचं आणि याच रस्त्याने यायचं. जवळ सर्व्हिस सेंटर असणं हे हातखंब्याच्या माणसासाठी पंधरा फ्रेमच्या बरोबरीचं आहे. या पंधरा फ्रेम कुठल्या पट्टीत दिसतात?

ओलाव्याबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावरच्या भाट्ये-मिऱ्याकडच्या घरांत खारा वारा धातू खातो. हातखंबा त्यामानाने आत आहे, इथे श्रावणातला ओलावा आणि मुंग्या जास्त छळतात. पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नये, रोज थोडं चालवावं. एवढं पुरे.

आता ‘पुढची पाच वर्षं बघायला नकोत का’ हा प्रश्न. बघायलाच हवीत. आणि इथे मी समोरच्या बाजूला एक गोष्ट देऊन टाकतो. २०२२ मध्ये ज्याने ४०९० घेतलं त्याला लोक वेडा म्हणाले होते. २०२५ मध्ये ५०८० आलं तेही त्याला मागे टाकू शकलं नाही. त्या माणसाचं गणित बरोबर ठरलं. पण ते पहिल्या दिवसाच्या तक्त्याने ठरवलं होतं का? २०२० चं ३०७० आठवा. ४९९ डॉलर, आणि तक्त्यात आदल्या पिढीच्या २०८० टीआयच्या बरोबरीने. पट्ट्या सारख्या लांबीच्या. एकच फरक होता, नव्यात आठ जीबी मेमरी आणि जुन्यात अकरा. २०२३ मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’, ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आले तेव्हा आठ जीबीवाल्यांचे पोत गढूळ झाले आणि गेम धक्के खाऊ लागला, अकरावाला तुलनेने निभावून गेला. ज्यांनी नुसती पट्टी पाहिली ते फसले आणि ज्यांनी मेमरीचा रकाना वाचला ते वाचले. ‘पुढची पाच वर्षं’ म्हणणाऱ्याने निदान तो रकाना तरी आधी वाचावा.

राहिला एक आक्षेप, जो कार्डवाल्यांकडून येत नाही, गावातूनच येतो. ‘हातखंब्यात बसून कसली दोन लाखांची कार्डं? शहरातल्या लोकांचे चोचले.’ हे म्हणणारे माझ्या बाजूने बोलतात असं त्यांना वाटतं. मला त्यांची बाजू नको आहे. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला. ही माणसं कुठल्या तरी खोलीत बसूनच शिकली. आमच्या इथे एक मुलगी ब्लेंडर शिकते. तिच्या कामाला बत्तीस जीबीचं कार्ड मिळालं तर रात्रभर चालणारं रेंडर संध्याकाळी होईल, आणि तिच्याकरता ती पट्टी खरोखर लांब आहे. रात्री पाथ ट्रेसिंग चालू करून पावसात भिजलेल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब बघताना मीही माऊस सोडून नुसता बघत बसलो आहे. अशा कार्डावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याचं मोजमाप नीट व्हावं असं वाटतं. खेड्यातल्या माणसाने विचारूच नये म्हणणारा आणि तक्ता बघून गप घे म्हणणारा, दोघेही त्याला एकच गोष्ट नाकारतात: आपल्या घरापुरता विचार करायचा हक्क.

म्हणून दुकानात मी आता एक जाड वही ठेवली आहे. येणाऱ्याला कार्डाचं नाव विचारायच्या आधी पडदा किती हर्ट्झचा, खोलीला खिडकी कुठे, मीटर किती किलोवॅटचा, वीज गेली की काय करतोस आणि मशीन दर सणाला कुठे हलवतोस हे विचारतो. मग जे कार्ड बसतं त्याच्या फ्रेमची वेळ, चिपचं तापमान, प्लगचे वॅट आणि खोलीचं तापमान लिहितो, महिन्यासकट. जुलैची पानं वेगळी आणि मेची वेगळी. एकाच कार्डाच्या दोन पानांत जो फरक दिसतो, तेवढ्या फरकावर लोक पन्नास हजार रुपये जास्त मोजून वरचं कार्ड घेतात.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपलं कार्ड आणि आपला तक्ता दोन्ही घेऊन यावं. मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, तिठ्यावर. येताना कार्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या खोक्यात घालून मांडीवर घेऊन या. टेबल, मीटर आणि साठ हर्ट्झचा पडदा माझा. वहीतलं पान कोरं ठेवतो.